जुन्या मरीन डिझेलचं हेड कसताना: १३.३ चा आकडा कोरडा की तेलाचा?

कुटबण_जेटी

१ जूनला मासेमारीची बंदी लागली, ३१ जुलैपर्यंत वेळ आहे, म्हणून ट्रॉलरच्या इंजिनाची हेडं आत्ताच उतरवली आहेत. सहा सिलिंडर, तीन-तीनची दोन हेडं, बोअर १०७ मिमी, ओले लायनर (ज्यांच्या बाहेरून थेट कूलंट फिरतं ते सिलिंडरचे नळे), कील कूलिंग (कूलंट बोटीच्या तळाबाहेरच्या नळ्यांत थंड होतं). हेड स्टड-नटवर बसतं. स्टड एम-१४, ग्रेड ८.८, नटाखालची लांबी साधारण १६० मिमी. दोन आणि तीन नंबरच्या मधली गॅस्केटची पट्टी जळाली होती.

मॅन्युअलच्या झेरॉक्समध्ये शेवटचा टॉर्क १३.३ किलोग्रॅम-मीटर लिहिलाय. आटे कोरडे ठेवायचे की तेल लावून, ती ओळ झेरॉक्समध्ये कापली गेली आहे. टॉर्क रेंचवर पौंड-फूट आणि न्यूटन-मीटर आहेत, किलोग्रॅम-मीटर नाही. दुकानदार म्हणतो, खाऱ्या हवेत राहायचं तर स्टड-नट स्टेनलेसचेच घ्या. घ्यावेत का? आणि नवीन गॅस्केट बसल्यावर परत कधी कसायचं?

आटेकार

आधी एकक. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर किंवा ७.२३ पौंड-फूट. तुमचे १३.३ म्हणजे १३० न्यूटन-मीटर, ९६ पौंड-फूट. हे तिन्ही आकडे खडूने इंजिनरूमच्या दरवाजावर लिहून ठेवा. ९६ हा आकडा न्यूटन-मीटरच्या पट्टीवर लावला की पाव हिश्शापेक्षा जास्त टॉर्क कमी पडतो, आणि नट हाताला घट्टच लागत असल्यामुळे ती चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

आता मुख्य गोष्ट. हेड धरून ठेवतो तो स्टडमधला ताण, टॉर्क नव्हे. टॉर्क हा त्या ताणाचा अंदाज आहे. पान्यावर जो जोर लागतो त्यातला साधारण निम्मा नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांत, आणि स्टड ताणायला उरतात जेमतेम १० टक्के. म्हणजे घर्षण थोडं बदललं की ताण फार बदलतो. हिशोब असा: टॉर्क = के × व्यास × ताण, यात के हा घर्षणाचा आकडा. कोरड्या आट्यांना के ०.२०, इंजिन ऑइल लावलेल्यांना ०.१५, मोलिब्डेनमच्या पेस्टला ०.१२ च्या आसपास.

एम-१४ आणि १३० न्यूटन-मीटर घेतले तर:

कोरडे: ४६ किलोन्यूटन
तेल: ६२ किलोन्यूटन
मोली पेस्ट: ७७ किलोन्यूटन

८.८ ग्रेडच्या एम-१४ ची प्रूफ लोडची मर्यादा, म्हणजे कायमचा न लांबता स्टड जेवढा ताण सहन करतो ती, ६७ किलोन्यूटनच्या आसपास आहे. तेल लावून तुम्ही तिच्या ९३ टक्क्यांवर जाता, आणि स्टड तिथेच असायला हवा. कोरडा ठेवला तर ६९ टक्क्यांवर राहता, म्हणजे गॅस्केट पुन्हा जळणार. मोली लावली तर मर्यादा ओलांडून स्टड कायमचा लांबतो. आकडा तिन्ही वेळा तोच.

हेडच्या बाबतीत बहुतेक उत्पादक 'आटे आणि नटाचं बूड इंजिन ऑइलने हलकं ओलं' असं धरूनच आकडा देतात. तुमच्या इंजिनाचे मूळ पान मात्र मिळवाच. मालीमच्या किंवा खारीवाड्याच्या जेटीवर तेच मॉडेल चालवणारं कुणीतरी सापडेल.

झुआरी_डिझेल

आटेकारबाबनी सांगितलेल्यात एक भर. तेल लावायचं म्हणजे ओतायचं नाही. स्टडच्या वरच्या आट्यांवर बोटाने, आणि वायसरच्या वरच्या बाजूला जिथे नट फिरतो तिथे एक थेंब. नटाच्या बुडाशी तेल लावायला लोक विसरतात, आणि निम्मा जोर तिथेच खाल्ला जातो.

ज्यांच्या इंजिनात स्टडऐवजी लांब बोल्ट ब्लॉकमध्ये जातात, त्यांनी आंधळ्या भोकात तेल किंवा पाणी अजिबात राहू देऊ नये. बोल्ट खाली जाताना ते द्रव दाबलं जातं, त्याला जायला जागा नसते. मग एक तर रेंच लवकर क्लिक होतो आणि हेड सैलच राहतं, किंवा ब्लॉकला भोकाच्या कडेने तडा जातो. ओतीव लोखंड तो दाब सहन करत नाही. भोकात आधी आटे साफ करायचा टॅप हाताने फिरवा (नवीन आटे कापणारा नव्हे, तो धातू खातो), मग रॉकेल, मग हवा. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच, भोकातून गंज आणि वाळू सरळ तोंडावर येते. शेवटी काडीला फडकं गुंडाळून तळ कोरडा झाला का बघा.

कुटबण_जेटी

माझ्या स्टडपैकी चार स्टडच्या भोकांतून हेड काढताना कूलंट आलं. बाकीचे कोरडे होते. हे बरोबर आहे का?

झुआरी_डिझेल

बरोबर आहे. काही स्टडची भोकं वॉटर जॅकेटमध्ये उघडतात. त्या चार भोकांवर आजच पेंटने खूण करा. तिथे स्टड बसवताना ब्लॉककडच्या आट्यांना न सुकून कडक होणारा सीलंट लावायचा, नाहीतर कूलंट आट्यांतून वर चढून नटापाशी येतं आणि गॅस्केट गळतंय असं वाटत राहतं.

याच चार स्टडची कंबर व्हर्निअरने मोजा. आटे चांगले दिसतात, पण मधला भाग पाण्यात राहून खाल्लेला असतो. १४ चा १३.५ भरला तर छेदाचं क्षेत्र ७ टक्के कमी झालं. त्याहूनही वाईट म्हणजे खड्डे. नखाला अडकेल असा खड्डा दिसला की स्टड बाद, कारण तडा तिथूनच सुरू होतो. पाइप पान्याने दाढ लागलेले स्टडही त्याच कारणाने टाकून द्या. काढताना दोन नट एकमेकांवर आवळून काढायचे. गंजलेला असेल तर भेदक तेल रात्रभर आणि थोडी उष्णता.

आटेकार

स्टड ब्लॉकमध्ये किती घट्ट बसवायचा यावर मॅन्युअल वेगळं काही सांगत नसेल तर हाताने पूर्ण आत जाईपर्यंत, त्यापुढे जोर नको. ओतीव लोखंडात निदान व्यासाच्या दीडपट आटे धरलेले हवेत, तुमच्याकडे २१ मिमी. आणि भोकाच्या तोंडाभोवतीचं लोखंड बोट फिरवून बघा. वर्षानुवर्षं ताण पडून पहिला आटा वर ओढला गेलेला असतो आणि ब्लॉकचा चेहरा भोकाभोवती कडीसारखा उचललेला असतो. गॅस्केट त्या कडीवर टेकतं आणि बाजूला सैल राहतं. तिथे काउंटरसिंकने हलकी चांफर (तिरकी कड) मारा, आटा चेहऱ्याच्या खाली गेला पाहिजे. आटे गेलेच असतील तर मोठा स्टड ठोकू नका, हेलिकॉइल (तारेच्या स्प्रिंगसारखे नवे आटे) बसवा.

वेर्णा_कॅलिब्रेशन

स्टेनलेसबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. कुटबणदादा, ते स्टड घेऊ नका.

बाजारात मिळतो तो बहुधा ए-२-७०. त्याची यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा लांबायला लागतो ती) ४५० मेगापास्कल, तुमच्या ८.८ ची ६४०. एम-१४ चं क्षेत्र ११५ चौरस मिमी धरलं तर स्टेनलेसचा स्टड ५२ किलोन्यूटनच्या आसपास लांबायला लागतो आणि तुम्हाला ६२ हवेत. म्हणजे कसतानाच तो हात टेकणार. दुसरं, स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट ताणाखाली चिकटून बसतो, मग रेंच क्लिक होतो पण ताण काहीच आलेला नसतो. तिसरं कारण सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं. स्टेनलेस तापल्यावर ओतीव लोखंडापेक्षा जास्त वाढतं, साधारण १७ विरुद्ध ११-१२ (दर अंशाला, लांबीचे दशलक्षांश). इंजिन ६० अंशांनी तापलं तर १६० मिमीच्या स्टडमध्ये ०.०५ मिमीचा फरक पडतो.

०.०५ क्षुल्लक वाटतं. पण ६२ किलोन्यूटनला तुमचा स्टड एकूण ताणला जातो तोच ०.३ मिमीच्या आसपास. त्यातले ०.०५ गेले की सहावा हिस्सा पकड गेली, १० किलोन्यूटन. इंजिन गरम झाल्यावर, नेमकी पकड हवी तेव्हा.

खारी हवा स्टडला बाहेरून त्रास देते ती फक्त नटाच्या वर उरलेल्या आट्यांना. कसून झाल्यावर तिथे ग्रीस किंवा मेणाचा लेप पुरतो.

मालीम_वर्कशॉप

ताईंनी ०.३ मिमीचा मुद्दा काढला ते फार बरं झालं, कारण गोव्यातल्या बोटींवर पकड जाण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते रंग आहे.

दर पावसाळ्यात इंजिनावर करड्या रंगाचा हात मारला जातो. हेड, नट, वायसर, सगळ्यावर. थरावर थर. हेड उतरवल्यावर नटाच्या बैठकीवरचा रंग तसाच राहतो आणि त्यावरच नवा वायसर बसतो. ऑइल पेंटचा एकेक थर ०.०५ मिमी धरा, दोन थर म्हणजे ०.१. इंजिन तापलं की रंग मऊ होऊन बाजूला सरकतो. ताईंच्याच हिशोबाने एक तृतीयांश ताण गेला. रेंचने बरोबर कसलेलं, क्रम बरोबर, तेल बरोबर, आणि तरीही महिन्याभरात गॅस्केट फुटतं.

म्हणून: नटाच्या बैठका सपाट कटरने किंवा कानशीच्या तुकड्याने चमकेपर्यंत साफ करा. वायसर जाड, कठीण केलेलाच घ्या, पत्र्याचा मऊ वायसर नटाखाली वाटीसारखा दबतो. वायसरच्या एका बाजूला आतली कड उतरवलेली असेल तर ती बाजू वर, नटाकडे. रंग शेवटी मारा, दुसऱ्यांदा कसून झाल्यावर.

हेडचा चेहराही तपासून घ्या. सरळपट्टी लांबीला, रुंदीला आणि दोन्ही तिरक्या दिशांना ठेवून खाली फीलर घाला. १५० मिमीत ०.०५ किंवा पूर्ण लांबीत ०.१ मिमीची फीलर जात असेल तर हेड फेसिंगला (चेहरा कापून सपाट करायला) द्यायचं. फेसिंगनंतर नोझल हेडबाहेर किती येतो आणि व्हॉल्व्ह किती आत आहेत ते मोजा, आणि हेडची किमान जाडी शिल्लक आहे का ते बघा. त्याच वेळी हेडची पाण्याची टेस्ट मशीन शॉपमधून करून घ्या, गरम पाण्याने. दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधला तडा थंड हेडमध्ये मिटलेला असतो.

कुटबण_जेटी

सरळपट्टी लावली. हेड ठीक आहे, ०.०४ ची फीलर कुठेच जात नाही. पण दोन आणि तीनच्या मधे ब्लॉकवर ०.०५ ची सहज जाते. लायनरच्या कडेपाशी.

मालीम_वर्कशॉप

मग तुमचं गॅस्केट जळण्याचं कारण तिथेच आहे. लायनरचा उभार मोजा. ओला लायनर ब्लॉकच्या चेहऱ्यापेक्षा किंचित वर असायला हवा, बहुतेक इंजिनांत ०.०५ ते ०.१५ मिमीच्या दरम्यान, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असेल. डायल गेज ब्लॉकवर शून्य करा, लायनरवर सरकवा, प्रत्येक लायनरवर चार ठिकाणी वाचा. लायनर आधी पट्टी आणि दोन नटांनी दाबून धरलेला हवा, नाहीतर खालचे रबरी रिंग त्याला वर ढकलतात आणि वाचन खोटं येतं.

एकाच हेडखालच्या तीन लायनरमध्ये ०.०५ पेक्षा जास्त फरक नको. एक खाली बसला की हेड शेजारच्या दोघांवर टेकतं आणि त्या एकाच्या फायर रिंगला (गॅस्केटमधल्या सिलिंडरभोवतीच्या धातूच्या कडीला) पकडच मिळत नाही. मग कितीही आवळा. लायनरच्या कॉलरखालची बैठक खाल्ली असेल तर ती कापून खाली तांब्याची किंवा स्टीलची शिम द्यावी लागते.

कुटबण_जेटी

दाबून मोजलं. एक नंबर ०.१०, तीन नंबर ०.०९, दोन नंबर ०.०२.

मालीम_वर्कशॉप

दोन नंबर काढा. कॉलरखाली गंजाची पापडी किंवा खड्डा असेल. बैठक मशीनवर समतल करून शिम द्या, मग पुन्हा मोजा. तोपर्यंत हेडला हात लावू नका.

शापोरा_तांडेल

आमच्या लहान बोटीवर थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणारं इंजिन आहे. त्याच्या ब्लॉकवर पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्ल्या आहेत. धातूची पुटी भरून चालेल का?

झुआरी_डिझेल

खड्डा कुठे आहे यावर. पाण्याच्या भोकाच्या कडेला असेल आणि फायर रिंगपासून लांब, तर दोन भागांची मेटल इपॉक्सी भरून, सुकल्यावर सरळपट्टीला घासून समतल केलेली टिकते. खड्डा आधी पिवळ्या गंजाचा कण राहणार नाही इतका खरवडून, थिनरने पुसून घ्यायचा. फायर रिंगखाली गेलेला असेल तर कुठलाच लेप टिकत नाही, तिथे चेहरा कापावाच लागतो. झिंकचे अॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) निम्मे संपले की बदला. ते वेळेवर बदलले तर ही वेळच येत नाही.

आणि जुनं तांबं-अॅस्बेस्टॉसचं गॅस्केट निघालं असेल तर ते कोरडं खरवडू नका, तारेचा ब्रश फिरवू नका. पाण्याने भिजवून, प्लास्टिकच्या पट्टीने, आणि तुकडे पिशवीत बंद करून. ती धूळ इंजिनरूमसारख्या बंद जागेत फुप्फुसात जाते.

आटेकार

लायनर बसेल तेव्हा कसायचा क्रम लिहून ठेवतो.

गॅस्केटवर 'टॉप' किंवा 'वर' असेल ती बाजू वर. पाण्याची आणि ऑइलची भोकं जुळतात का बघा. सीलंटचा लेप गॅस्केटला लावू नका, उत्पादकाने सांगितलं असेल तरच. दोन्ही हेडं ठेवा, नट फक्त बोटाने टेकवा. आता मॅनिफोल्डच्या बाजूला दोन्ही हेडांवर सरळपट्टी धरा आणि हेडं एका रेषेत आणा. ही पायरी सुटली तर नंतर मॅनिफोल्ड बसताना हेड बाजूला ओढलं जातं आणि मॅनिफोल्डचा कान तुटतो. बार्जवरच्या एकेका सिलिंडरला एकेक हेड असलेल्या इंजिनांत तर हे फारच सांभाळावं लागतं.

मग मधल्या सिलिंडरच्या दोन्ही अंगांच्या चार नटांपासून सुरुवात, तिथून आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे गोल बाहेर. पहिली फेरी ४५ न्यूटन-मीटर, दुसरी ९०, तिसरी १३०. चौथी फेरी पुन्हा १३० वरच, त्याच क्रमाने, कारण शेजारचा नट कसला की आधीचा सैलावतो. नट फिरत असतानाच क्लिक यायला हवा. झटका देऊ नका, आणि क्लिकनंतर 'अजून थोडं' करू नका. एकेका सिलिंडरचं हेड असेल तर समोरासमोरचे नट, फुलीच्या क्रमाने.

सोडतानाही उलट क्रम लागतो, बाहेरून आत, दोन-तीन टप्प्यांत, इंजिन पूर्ण थंड असताना. गरम हेड एका टोकाने सोडलं की वाकतं.

एखादा नट कसताना जोर वाढतच नाही, नुसता फिरत राहतो असं वाटलं तर तिथेच थांबा. स्टड लांबतोय किंवा ब्लॉकचे आटे सुटतायत.

शापोरा_तांडेल

टॉर्क रेंच नसेल तर?

वेर्णा_कॅलिब्रेशन

एक मीटरचा दांडा आणि मासे तोलायचा स्प्रिंग काटा. सॉकेटच्या मध्यापासून बरोबर १ मीटरवर काट्याचा हूक अडकवा आणि दांड्याशी काटकोनात, आडवं, सावकाश ओढा. काट्यावर १३.३ किलो म्हणजे १३.३ किलोग्रॅम-मीटर. टप्पे ४.५, ९ आणि १३.३. काटा आधी माहीत असलेल्या वजनाने तपासून घ्या. कोन ९० ऐवजी ६० अंश झाला तर १३ टक्के जोर कमी पडतो, म्हणून दुसऱ्या माणसाने वरून कोन बघावा. निव्वळ हाताच्या अंदाजापेक्षा हे कितीतरी बरं.

रेंच आहे त्यांच्यासाठी: पट्टीच्या खालच्या २० टक्क्यांत वापरू नका, ठेवताना सर्वात खालच्या आकड्यावर आणा, वर्षातून एकदा किंवा ५,००० क्लिकनंतर तपासून घ्या. रॉकर शाफ्टखालच्या नटांना सॉकेट जात नाही म्हणून पुढे क्रो-फूट (बाजूने नटावर बसणारं पान्याचं टोक) लावलात तर हाताची लांबी वाढते. रेंच ५०० मिमी आणि क्रो-फूट ५० मिमी सरळ पुढे असेल तर १३० साठी रेंचवर ११८ लावायचे. क्रो-फूट काटकोनात वळवला तर आकडा बदलायची गरज नाही. उभ्या एक्स्टेन्शनने फरक पडत नाही.

कुटबण_जेटी

सर्वांचे आभार. बैठकीत खरोखर पापडी होती, समतल करून शिम दिली. आता तिन्ही ०.०९ ते ०.१०. शेवटचा प्रश्न राहिला: परत कसणं गरम की थंड? आणि आधी नट सैल करायचा की नाही?

झुआरी_डिझेल

गरम की थंड ते गॅस्केट आणि इंजिन बनवणारा सांगतो. काही सांगितलं नसेल तर ओतीव लोखंडाच्या हेडला थंडच, रात्रभर उभं ठेवून. पहिल्यांदा इंजिन जेटीवर बांधून कामाच्या तापमानाला आणा, अर्धा-पाऊण तास चालवा, बंद करा, सकाळी कसा. दुसऱ्यांदा साधारण २५ ते ५० तासांनी.

सैल न करता नुसता रेंच लावला तर जागेवर बसलेल्या नटाचं स्थिर घर्षण आधी लागतं आणि नट न हलताच क्लिक येतो. म्हणून एकेक नट, क्रमाने, पाव फेऱ्याहून कमी मागे, बुडाशी तेलाचा थेंब, आणि लगेच १३० वर. एका वेळी एकच नट. सगळे एकदम सैल केलेत तर गॅस्केट हलतं.

आटेकार

हे कॉम्पोझिट आणि तांब्याच्या गॅस्केटसाठी. अनेक पापुद्र्यांचं स्टीलचं गॅस्केट असेल, किंवा टॉर्कनंतर अंशांत फिरवायचे बोल्ट असतील, तर परत कसू नका. ते बोल्ट मुद्दाम यील्डपर्यंत ताणलेले असतात, पुन्हा ओढले तर मान बारीक होते.

मालीम_वर्कशॉप

प्रत्येक वेळी कसल्यानंतर टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) पुन्हा लावा. हेड खाली बसलं की गॅप कमी होतो, आणि गॅप संपला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी इंजेक्टर सैल करून किंवा डीकॉम्प्रेशन उघडून क्रॅंक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. सिलिंडरमध्ये कूलंट राहिलं असेल तर स्टार्टर मारल्यावर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग हेडर टँकचं झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा आणि पहिली पाच मिनिटं पाणी बघा. सुरुवातीचे थोडे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते थांबतात. न थांबणारे, रेस दिल्यावर वाढणारे बुडबुडे आले तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येतोय. इंजिन गरम झाल्यावर झाकण उघडू नका.

कुटबण_जेटी

आज सकाळी सुरू केलं. बुडबुडे दोन मिनिटांत थांबले. उद्या पहाटे पहिलं परत कसणं आणि टॅपेट. चार ओल्या स्टडपैकी एकाच्या नटापाशी किंचित ओल दिसते.

झुआरी_डिझेल

पुसून कोरडं करा, नटाभोवती खडूची पूड लावा. उद्या कसण्याआधी पूड ओली असेल तर फक्त त्या एका स्टडचा सीलंट धरलेला नाही. आवळून ती ओल थांबणार नाही. कूलंट स्टडच्या भोकाच्या पातळीखाली उतरवा, डब्यात, बिल्जमध्ये नको. तो एकच नट काढा, स्टड बाहेर घ्या, आटे थिनरने पुसा, सीलंट लावून परत बसवा. बाकीचे नट तसेच राहू द्या. मग तो नट ४५, ९०, १३०.